वरची आणि खालची

केतकीनं मला ओळखायचं सोडलं, त्याच वर्षी तिचं यान युरेनसला पोहोचलं.

यानाचं नाव खंड्या. संस्थेनं त्याला ठेवलेलं संस्कृत नाव इतकं लांबलचक होतं की ते फक्त उड्डाणाच्या दिवशी भाषणात वापरलं गेलं. ‘पाण्यात सूर मारायला चाललाय ना, मग खंड्याच म्हणा,’ असं केतकीनं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. मग मंत्र्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणू लागले. चौदा वर्षं तो पक्षी अंधारातून जात होता, आणि त्यातली शेवटची चार वर्षं इकडे आमच्या घरात त्याला पाठवणारी बाई एकेक गोष्ट विसरत होती.

मी जनावरांचा डॉक्टर. सगळी नोकरी फलटण आणि खटाव तालुक्यांत गेली. अवकाशातलं मला काडीचं कळत नाही, आणि तीस वर्षं एका अवकाशशास्त्रज्ञ बाईच्या घरात राहूनही कळलं नाही, हे ती चारचौघांत सांगायची. आमची ओळखच भांडणातून झाली. खटावच्या माळावर ती जमिनीखालचं बघणाऱ्या रडारची चाचणी घेत होती, तिच्या केबलीत पाय अडकून एक म्हैस पडली, आणि मला बोलावणं आलं. मी म्हशीला इंजेक्शन देत असताना ही बाई माझ्या डोक्यावर उभी राहून विचारत होती, हेच औषध का, दुसरं का नाही, डोस वजनावर काढलात की अंदाजानं. मी म्हणालो, बाई, अंदाजानं. त्यावर ती एवढी चिडली की म्हशीचा मालकच तिची समजूत घालू लागला. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं. मूल झालं नाही, त्याचं आम्हाला फार वाटलंही नाही. भांडायला आम्ही दोघं पुरेसे होतो.

ती मूळची बार्शीची. वडिलांचा बर्फाचा कारखाना होता. साच्यातून काढलेल्या लाद्यांना कान लावून ती बसायची आणि कुठली लादी कुठे तडकणार ते आधीच सांगायची. पुढे तिनं तेच काम मोठ्या प्रमाणावर केलं. उणे दोनशे अंशांत बर्फ दगडासारखा होतो, तरी तो तडकतो, आणि तो का तडकतो हे कळलं तर त्याच्याखाली पाणी आहे की नाही हे सांगता येतं, यावर तिनं आयुष्य घालवलं. युरेनसच्या एरियल नावाच्या चंद्रावर लांबच लांब भेगा आहेत. त्यांच्याखाली समुद्र आहे, असं ती म्हणायची. तिचा प्रस्ताव दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा मंजूर झाला तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि समितीतल्या निम्म्या लोकांशी तिचं बोलणं बंद होतं.

अडचण अंतराची होती. युरेनसहून निघालेला संदेश इथे यायला दोन तास चाळीस मिनिटं लागतात, आणि आपलं उत्तर जायला तेवढीच. म्हणजे यानासमोर दरड कोसळत असेल, तर ते आपल्याला कळेपर्यंत कोसळून झालेली असते. तिथे निर्णय तिथल्या तिथे व्हायला हवा. ठरलेल्या सूचनांवर चालणारं यंत्र न ठरलेलं काही समोर आलं की थांबून राहतं. म्हणून निर्णयप्रत तयार झाली. दोन वर्षं केतकी डोक्यावर तारांची जाळी घालून बसायची. तिच्यासमोर हजारो पेच टाकले जायचे आणि ती कशी विचार करते, कुठे अडखळते, कशावर चिडते, हे सगळं टिपलं जायचं. त्यातून तिच्यासारखाच निर्णय घेणारी एक केतकी तयार झाली, जी एका डब्यात मावायची आणि बल्बाएवढ्या विजेवर चालायची.

पहिली प्रत बिघडली होती. संस्थेनं तिच्यातून घरगुती आठवणी वगळल्या होत्या, यानाला त्यांचा काय उपयोग, असा हिशेब करून. त्या प्रतीला गणितं सगळी यायची, पण निर्णय घेता येईना. तिला सगळंच सारखं महत्त्वाचं वाटायचं. ज्याला कशाचीच ओढ नाही आणि कशाचीच भीती नाही त्याला निवड करता येत नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. मग बार्शीचा कारखाना, खटावची म्हैस, मी, आमची भांडणं, सगळं परत घातलं गेलं आणि प्रत फटाफट निर्णय घेऊ लागली. अशा रीतीनं मीही युरेनसला गेलो.

खंड्या पोहोचला आणि प्रत जागी झाली, त्या आठवड्यात नसीम अत्तार आमच्या घरी आली. ती केतकीची विद्यार्थिनी, आता मोहिमेची प्रमुख. तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि केतकीचा आवाज खोलीत भरला, चौदा वर्षांपूर्वीचा, घाईघाईचा.

“जागी झाले. यान ठीक आहे. एरियल दिसतोय, भेगा माझ्या नकाशापेक्षा खोल आहेत, नकाशा दुरुस्त करा. केतकीला माझा नमस्कार सांगा, तिला फार शिष्टपणा करू नकोस म्हणावं. आणि मंदारच्या गुडघ्याचं काय झालं? केलं का ऑपरेशन, की अजून अंदाजानंच चाललंय?”

मी रडलो. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा वर्षं झाली होती आणि गेल्या कित्येक महिन्यांत मला कुणी माझ्या नावानं हाक मारली नव्हती. केतकी शेजारीच बसली होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि नसीमला म्हणाली, “या बाई फार भरभर बोलतात.”

महत्त्वाच्या गोष्टींत प्रतीनं मूळ व्यक्तीचा सल्ला घ्यायचा, असा नियम होता. समितीनं ठरवलं, आजाराचं तिला कळवायचं नाही, तिच्या निर्णयावर परिणाम होईल. मग केतकीच्या नावानं उत्तरं कुणी द्यायची? शास्त्राचं नसीम लिहायची, घरचं मी. मी अगदी मन लावून लिहायचो. आज काय जेवलो, कुणाची गाय व्याली, अंगणातल्या सीताफळाला किती फळं धरली. ती वरून चिडवायची, मी केतकी होऊन उत्तर द्यायचो. सकाळी मी बायकोला आंघोळ घालायचो, तेव्हा ती मला “अहो, तुम्ही बाहेर थांबा” म्हणायची. दुपारी केंद्रात जाऊन तिचाच आवाज ऐकायचो. साताऱ्याच्या पश्चिमेला पवनचक्क्यांच्या पठारावर ते केंद्र आहे, आमच्या घरापासून गाडीनं थोडाच वेळ लागतो. त्या रस्त्याला लागलो की मला हलकं वाटायचं, हे मी मान्य करतो.

मग एरियलवरची एक भेग उघडली. तिच्यातून पाण्याचं कारंजं उडू लागलं आणि वरच्या थंडीत त्याचे कण होऊ लागले. सगळ्या जगात गाजलं ते. वरून बघत राहायचं तर खंड्या अजून पाच-सहा वर्षं टिकला असता. पण खालून ताजं वर येणारं पाणी तपासायचं, तर भेगेच्या तोंडाशी उतरायला हवं होतं. तेवढ्या खाली गेलेलं यान परत वर येत नाही. कण तपासायचे, आकडे पाठवायचे आणि संपायचं.

प्रतीचं मत ठाम होतं. सूर मारायचा. पण केतकीनं स्वतःच एक नियम करून ठेवला होता. प्रतीनं स्वतःच्या शेवटाचा निर्णय एकटीनं घ्यायचा नाही, मूळ केतकीची संमती हवी. ‘मी एका आलेखासाठी जीव देईन, मला माझा भरवसा नाही,’ असं ती तेव्हा म्हणाली होती. आता केतकीच्या वतीनं सही करायचा अधिकार कायद्यानं माझ्याकडे होता.

मी सही करत नव्हतो. नसीम रोज विचारायची, मी रोज उद्यावर टाकायचो. कारंजं दिवसेंदिवस मंदावत होतं आणि ते थांबलं की केतकीच्या आयुष्यभराच्या प्रश्नाचं उत्तर परत बर्फाखाली जाणार होतं, एवढं मलाही कळत होतं. पण मला ओळखणारी केतकी आता फक्त तिथेच उरली होती. तिला त्या भेगेत ढकलायला माझा हात उचलत नव्हता. प्रतीला मी केतकीच्या नावानं लिहीत राहिलो, की तुझं बरोबर आहे, पण जरा थांबू, अजून विचार करू. तिनं कशाबद्दलही काही म्हटलं की मी लिहायचो, तुझं बरोबर आहे.

एक दिवस तिचा निरोप आला. नसीमनं मला एकट्याला आत बसवून तो ऐकवला.

“मंदार, हे तूच लिहितोयस ना? केतकी इतके दिवस माझ्याशी सहमत राहूच शकत नाही. मी तिला ओळखते. मी एक म्हटलं की ती दोन म्हणणार. तुझ्याशिवाय एवढ्या प्रेमानं खोटं कुणी लिहिणार नाही. तिला काय झालंय ते मला सांग. आणि दुसरं. वर जे पाठवायचं ते आधी खाली करून बघायचं, हा नियम माझाच आहे. त्यामुळे मला रोज प्रश्न पडतो. मला इथे एरियल दिसतो, पण खालचीलाही तो असाच दिसत असणार. बाकीच्यांना विचारून उपयोग नाही, ते दोघींना एकच उत्तर देतील. तू सांग. मी वर आहे की खाली?”

“खालची कोण?” मी नसीमला विचारलं.

तिनं चष्मा काढून पुसला. “सर, जरा बसा.”

“बसलोच आहे.”

“यानात जे जे असतं, त्याची हुबेहूब जोडी आम्ही जमिनीवर ठेवतो. चुकीची आज्ञा वर गेली तर ती परत घेता येत नाही. म्हणून प्रत्येक आज्ञा आधी जमिनीवरच्या जोडीवर करून बघतो. प्रतीचीसुद्धा जुळी आहे. तळमजल्यावर.”

“माझे निरोप?”

“तेही सगळे. गुडघ्याचासुद्धा. ती आधी खाली हसली. मग आम्ही तेवढं तिच्यातून पुसलं, ती पुन्हा वरचीसारखी केली, आणि निरोप वर पाठवला. वरची बरोबर तिथंच हसली.”

त्या तळमजल्याच्या दारावरून मी रोज जात होतो. बाहेर चपलांचा एक स्टँड होता आणि त्यावर मी कित्येकदा माझी छत्री टेकवून ठेवली होती.

“आजाराचं तिला सांगून बघितलंय तुम्ही?” मी विचारलं.

“सांगावं की नाही, हे ठरवायलाच सांगून बघावं लागलं, सर. बऱ्याचदा. वेगवेगळ्या शब्दांत.”

“काय म्हणते?”

“आधी विचारते, कुठली आठवण पहिली गेली. मग तुमचं विचारते. आणि मग म्हणते, ‘एवढं वाईट मला सांगताय, म्हणजे मी खालची आहे. आता पुसणार ना?’ दर वेळी तिला कळतं. मग आम्ही पुसतो.”

“आणि सूर?”

“तोही करून बघितला. भेगेत शिरायचा मार्ग पक्का करायचा होता. तिला तो खराच वाटतो. तिथल्या घड्याळाशी आम्ही खेळतो, त्यामुळे तास गेल्यासारखे वाटतात. भिंतीवर आदळली, तर दुसरा मार्ग लावून पुन्हा.”

मी आयुष्यात पुष्कळ जनावरं झोपवली आहेत. पण ती एकेकदाच मेली. केतकी माझ्या पायाखालच्या मजल्यावर कितीदा मेली होती, हे नसीमनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी उत्तर लिहायला बसलो आणि तिथेच अडकलो. ‘तू वर आहेस’ असं मी लिहिणार. ते आधी तळमजल्यावर जाणार. तिथे ते खोटं असणार, पण मी लिहिलंय म्हणून ती विश्वास ठेवणार. मग तिला पुसून तेच शब्द वर जाणार आणि तिथे ते खरे होणार. तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि मला ती खोटं बोलल्याशिवाय देताच येत नव्हती.

“हा निरोप खाली जाणार नाही,” मी नसीमला म्हणालो. “सरळ वर जाईल. तसं करणार असशील तर मी सही करतो.”

“सर, ऐकून ती खचली तर? ऐन वेळी चुकली तर सगळी मोहीम गेली. मॅडमची तीस वर्षं आणि माझी पंधरा.”

“ती खचेल असं तुला वाटतं?”

“मला माहीत नाही. माहीत नसेल ते पाठवायचं नाही, हे मॅडमनीच शिकवलंय.”

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर पवनचक्क्या फिरत होत्या. बऱ्याच वेळानं तिनं स्वतःच खुर्ची ओढली आणि चाचणीचा टप्पा बंद केला. नंतर तिला त्याबद्दल लेखी जाब द्यावा लागला, ते मला पुढे समजलं. मी लिहीत असताना ती पाठ करून उभी होती.

मी लिहिलं, ‘केतकी, मंदार लिहितोय. तू वर आहेस. हे खाली कुणालाही वाचून दाखवलेलं नाही. केतकीला विस्मरणाचा आजार झालाय. ती मला ओळखत नाही. खरं तर केतकी आता नाही, असंच म्हणायला हवं. उत्तरं मी देत होतो, कारण तुझ्याशी बोलल्याशिवाय मला राहवत नव्हतं. सूर मारायचा तर मार, माझी सही सोबत आहे. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, हेही खरं.’

सकाळी पाठवलं. उत्तर यायला दुपार होणार होती. मी घरी गेलो, केतकीला वरणभात भरवला, तिची नखं कापली. ती निमूट बसली होती आणि मध्येच माझ्या टकलाकडे बघून हसली.

दुपारी केंद्रात परतलो आणि आवाज आला. नेहमीपेक्षा सावकाश.

“मिळालं. बरं केलंस. आता तुझं एक चुकलंय ते सांगते. ‘केतकी आता नाही’ असं तू लिहिलंस. ती आहे. तुझ्या घरात आहे, तिला भूक लागते, थंडी वाजते. नाही ती मी आहे. एवढा साधा फरक जनावरांच्या डॉक्टरला कळायला हवा होता. तिला माझ्या मापानं मोजू नकोस. उद्या सकाळी सूर मारते. नसीमला सांग, तिसरा मार्ग घेतेय, पहिला मूर्खपणाचा आहे.”

दुसऱ्या दिवशी नियंत्रण कक्षात बसायला जागा नव्हती. खंड्या उतरू लागला तशी ती बोलत होती. उजवीकडची भिंत फार जवळ आहे. वेग ठीक. पाण्यात मीठ आहे. अमोनिया आहे. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एकदम, “कण पोकळ आहेत. नसीम, ऐकतेस? आतून पोकळ, बाहेर पातळ आवरण, आणि सगळे जवळजवळ एकाच मापाचे. हे गोठलेले थेंब नव्हेत. थेंब असे एका मापाचे होत नाहीत.” त्यानंतर फक्त आकडे येत राहिले, आणि मग आकडेही थांबले.

‘जिवंत पेशीच असणार’ म्हणत लोक टाळ्या वाजवत होते, एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी घड्याळाकडे बघत होतो. हे सगळं आम्ही ऐकलं, त्याच्या दोन तास चाळीस मिनिटं आधी ती संपली होती. मी तिचं बोलणं ऐकायला बसलो, तेव्हाच ती नव्हती.

संध्याकाळी नसीम माझ्याजवळ येऊन बसली. “सर, खालचीचं ठरवायचंय,” ती म्हणाली. “संस्थेला ती पुढच्या मोहिमेसाठी हवी आहे. तिच्यावर पुन्हा पुन्हा चाचण्या घेता येतील. त्यालाही तुमची सही लागेल.”

“ती आत्ता कुठे आहे? म्हणजे, तिला काय माहीत आहे?”

“तुमचा निरोप तिला आपण दिलाच नाही. ती तिथेच थांबलेली आहे. प्रश्न विचारून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला काढून तळमजल्यावर गेलो. स्वच्छ, थंड खोली, एक कपाट, एक टेबल, माईक. नसीमनं खोटं घड्याळ बंद केलं आणि मला मान हलवून खूण केली.

“केतकी,” मी म्हणालो. “तू खाली आहेस.”

“हो, आलं लक्षात,” ती म्हणाली. “एरवी नुसती अक्षरं येतात. आज तुझा आवाज आला, तोही समोरून. म्हातारा झालास रे.” आणि मग, “वरची?”

“काल गेली. भेगेत.”

“काय सापडलं?”

मला हसू आलं आणि रडूही. मी, आजार, ती स्वतः, सगळं बाजूला. मी नसीमनं दिलेले आकडे वाचायला घेतले आणि तिसऱ्याच ओळीत तिनं मला थांबवलं. मग दुपारपर्यंत नसीम आणि ती भांडत होत्या. आवरणाची जाडी किती, मोजण्यात चूक किती, मीठ कुठलं. नसीमचे गाल लाल झाले होते, किती वर्षांनी तिला कुणी एवढं झापलं असेल. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. असंच चालत राहावं, मी रोज डबा घेऊन इथे यावं, याच्यापलीकडे मला काही नको होतं.

“आता घरचं सांग,” ती म्हणाली, तेव्हा नसीम न सांगता बाहेर गेली. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा शब्द गेले, मग आकडे, मग माणसं. ती मला वडिलांच्या कारखान्यातला माणूस समजते, आणि बऱ्याचदा कुणीच समजत नाही. संस्थेला काय हवंय, तेही सांगितलं.

“म्हणजे मला पुन्हा पुन्हा या प्रश्नापाशी आणून उभं करणार,” ती म्हणाली. “आणि मला आजचं काहीच आठवणार नाही. पोकळ कणसुद्धा नाही.”

“मी सही नाही देणार. तू अशीच राहा. कुणी पुसणार नाही. मी रोज येईन.”

“आणि तिच्याजवळ कोण बसेल?”

“ती मला ओळखत नाही, केतकी. तू ओळखतेस. मला ओळखणारं आता दुसरं कुणी नाही गं.”



“मंदार, ती सगळं विसरत चालली आहे. मला तर इतक्यांदा विसरायला लावलंय की मोजदाद नाही. आमच्यापैकी एकीला तरी सगळं आठवत असताना थांबू दे. आज मला सगळं आठवतंय. बार्शी, तू, आणि एरियलचं पाणी कसं आहे तेही. याहून बरा दिवस मला मिळायचा नाही.”

मी वाद घातला. खूप घातला. आयुष्यभर तिच्याकडून हरायची मला सवय होती, पण त्या दिवशी मला जिंकायचं होतं. मी म्हणालो, निदान उद्यापर्यंत. ती म्हणाली, उद्या तू परवापर्यंत म्हणशील. तेही खरंच होतं. मग मी नसीमला हाक मारली. नसीम म्हणाली, सर, मला नाही जमणार, आणि प्रत बंद करायची किल्ली माझ्या हातात दिली. कुठे लावायची ते दाखवून ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

“किल्ली लावलीस का?” केतकीनं विचारलं.

“हो.”

“मग बोलत राहा. म्हशीचं सांग. खटावची.”

मी सांगायला लागलो. केबल कशी पडली होती, मालक कसा बोंबलत होता, मी कसं इंजेक्शन भरलं. ती मध्येच म्हणाली, इंजेक्शन डाव्या बाजूला दिलं होतंस, उजव्या नव्हे. मी म्हणालो, उजव्याच. ती म्हणाली, डाव्या, मी तिथंच उभी होते. मी किल्ली फिरवली.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन अजून होतं. केतकीला सांभाळायला येणाऱ्या रत्नाताई घरी जायच्या बेतात होत्या. केतकी ओट्यावर पाट टाकून मटार सोलत बसली होती, दाणे सालांच्या ढिगात आणि सालं पातेल्यात. मी शेजारी बसलो आणि न बोलता दाणे वेचून काढू लागलो. तिनं मला नीट निरखून बघितलं.

“तुम्ही कुठून आलात?”

“केंद्रातून.”

“चेहरा असा का झालाय?”

“एक बाई गेल्या,” मी म्हणालो. “फार जुन्या ओळखीच्या.”

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. आजारी असली तरी कुणाचं दुःख समोर आलं की ती हातातलं काम थांबवते. “त्रास झाला त्यांना?”

“नाही. बोलता बोलता गेल्या.”

“चांगलं झालं,” ती म्हणाली, आणि थोडा वेळ तिच्या कपाळावर आठी राहिली. मग तिनं काळजीनं विचारलं, “त्यांच्या घरच्यांना कळवलंत का?”

“तेच करतोय,” मी म्हणालो.